नोंद क्रमांक दोन हजार तीनशे अकरा

सकाळी दहाला एपीआय सुरू झाला आणि अकरा चाळीसला तिची नजर पडद्यावर अडकली.

मांडीवर आठ महिन्यांची लेक तिच्या बाहीची कड चघळत होती. एक दात आला होता, दुसऱ्याने घर डोक्यावर घेतलं होतं. समोरच्या पडद्यावर लॉगच्या ओळी वर सरकत होत्या, कुणी कधी काय मागितलं त्याच्या. हे काम काय असतं ते तिने सासूबाईंना मागेच सांगितलं होतं. लसीकरणाच्या साऱ्या नोंदी एका कोठीत, आणि एपीआय ही त्या कोठीची खिडकी. मोबाइलमधलं अ‍ॅप खिडकीशी जाऊन बाळाचा क्रमांक सांगतं, खिडकी नोंद काढून देते.

"मग खिडकीवर बसणाऱ्याला माणसं ओळखता आली पाहिजेत," सासूबाई म्हणाल्या होत्या.

"ओळखतो की, आई. लॉगिन तपासतो."

आता लॉगमध्ये एकच पालक पुन्हा पुन्हा दिसत होता. २१४०. २१४१. २१४२. दर चार सेकंदांनी एक क्रमांक. कुणीतरी बसून एकेक आकडा बदलत होतं, आणि खिडकी दरवेळी नोंद देत होती.

काय देतेय ते तिने उघडून पाहिलं. बाळाचं नाव, आईचं नाव, फोन, घरचा पत्ता. सगळं.

नोंदीचे दोन साचे तिने स्वतः केले होते. मोठा कोठीत ठेवायला, आणि छोटा बाहेर द्यायला, ज्यात फक्त नाव आणि डोस. मागच्या आठवड्यात लेकीला ताप होता. तिला खांद्यावर टाकून, एका हाताने टाइप करत तिने बाहेरच्या कामालाही मोठाच साचा लावला होता. नंतर बदलू म्हणून. आणि खिडकी विचारत होती ते एवढंच, की लॉगिन केलंय का. हे मूल तुमचं आहे का, ते विचारायचं राहूनच गेलं होतं. दुसऱ्याने तपासल्याशिवाय सर्व्हरवर काही चढवायचं नाही, हा टीमचा नियम. तपासणारे टीममधले जुनेजाणते, सगळे त्यांना मास्तर म्हणत; त्यांनी वरवर पाहून लिहिलं होतं, "छान."

तिने मास्तरांना फोन लावला. "मास्तर, खिडकी सताड उघडी आहे. सर्व्हर बंद करा."

"आज? लसीकरणाचा दिवस आहे बाई! अठरा केंद्रांवरच्या सिस्टर हातावर हात धरून बसतील. त्याला साहेबांची परवानगी लागते, आणि साहेब बैठकीत. तू दुरुस्त कर, मी चढवतो. चाचण्या धरून बारा मिनिटं."

"एक जण एकेक नोंद उघडतोय, मास्तर."

"असेल कुणी रिकामटेकडा."

"त्याला तरी बाहेर काढा."

"लॉगिन केलं की मिळणारं टोकन तासाभराचं आहे, मधे रद्द होत नाही. ठरवलं कुणी होतं ते? तूच ना?"

तिनेच.

तिने त्या पालकाचं आडनाव पाहिलं, कोठीत शोधलं. त्या आडनावाचं एकच बाळ होतं. २३११. नोंदीवर 'गुप्त' अशी खूण. ती खूण साच्यात तिनेच बसवली होती, एका केंद्रावरच्या सिस्टरांच्या फोननंतर. "ही आई जीव मुठीत धरून इथे आलीये हो. नवऱ्याला पत्ता कळता कामा नये." खूण बसवली होती. ती वाचून कुणाला अडवायचं, ते काम यादीत पडून होतं.

लॉगमध्ये २१७८.

बारा मिनिटं म्हणजे एकशे ऐंशी क्रमांक. तेवढे उरलेच नव्हते. तरी तिने दोन ओळी बदलल्या, पाठवल्या. लेकीने भोकाड पसरलं. सासूबाई ओले हात पुसत आल्या.

"तोंड का असं पांढरंफटक पडलंय तुझं?"

"आई, माझ्या हातून फार मोठं..."

"ते नंतर बोल. आधी हात चालव." त्यांनी नातीला उचललं.

नऊ चाचण्यांपैकी तिसरी चालू होती. २२६४. आणि मग तिला सुचलं. खिडकी बंद होत नाही, तर कोठीतला माल तर हलवता येईल! चालू डेटाला हाताने शिवायचं नाही, असा दंडक होता. गेला खड्ड्यात दंडक. गुप्त खुणेच्या साऱ्या नोंदी: पत्ता रिकामा, फोन रिकामा. एंटर. चौदा नोंदी बदलल्या. लॉगमध्ये २३०२.

तिने श्वास सोडला. २३०९. २३१०. २३११.

पुढची ओळ आली नाही. चार सेकंद, दहा, अर्धा मिनिट. तो थांबला होता.

पत्ता रिकामा असताना का थांबला? तिने ती नोंद उघडली. पत्ता नाही. फोन नाही. आणि त्याच्या खाली, पुढचा डोस: आज, साडेबारा. शेजारी केंद्राचं नाव.

बारा वाजायला सात मिनिटं कमी होती.

त्या आईला फोन करायला हवा होता, आणि तिचा नंबर तर हिनेच आत्ता पुसला होता. बॅकअपमधून काढायला मास्तर हवेत, मास्तरांचा फोन व्यस्त. केंद्राचाही व्यस्त. पुन्हा. पुन्हा. तिकडे सासूबाई, तिने दोन वाक्यांत सांगितलं तेवढ्यावर, नातीला कडेवर घेऊन स्वतःच्या फोनवर पोलिसांशी भांडत होत्या. "अहो, आधी माणूस पाठवा, मग माझं नाव विचारा!"

बारा दहाला सिस्टरांनी उचलला. "बोला पटकन, रांग दारापर्यंत गेलीये."

"ती गुप्त नोंदीवाली आई आली का?"

"आत्ताच आली. बाळ झोपायच्या आत उरकू म्हणाली. का हो?"

"तिच्या नवऱ्याला केंद्र कळलंय. माझ्या चुकीने. तिला आतल्या खोलीत न्या, कडी लावा. पोलीस निघालेत."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग खुर्ची सरकली, कुणीतरी घाईने कुजबुजलं, खूप बाळं रडत होती, त्यातलं तिचं कुठलं ते कळेना. दूर कडी लागली.

आणि मग फोनच्या अगदी जवळ एका पुरुषाचा आवाज, अगदी मऊ. "सिस्टर, माझी बायको आलीये का? बाळाची टोपी घरीच राहिली."

तिने फोनचा मायक्रोफोन बोटाने झाकला. आपला श्वास त्याला ऐकू जाईल असं वाटलं.

"रांगेत उभं राहा," सिस्टर म्हणाल्या, रोज म्हणतात तसंच. "सगळ्यांना एकच नियम."

"फक्त विचारतोय हो मी."

"विचारायलाही रांगच. तुमच्या पुढे सतरा बाळं आहेत."

पावलं मागे गेली. कुणाला तरी सुई टोचली, एक बाळ कळवळून रडलं.

सोळा, तिने मनात म्हटलं. देवा, सावकाश टोचू देत.