पाचवा कागद

"दादा, तुला पाठ उघडायला सांगितलं कुणी?"

"आतून खडखड आली. खडखड आली की उघडून बघायचं असतं."

"ती गाडी नाहीये."

"गाडी असती तर एव्हाना नीट झाली असती."

मित्रांनो, ज्याची पाठ उघडली तो मी. मी एक जुना कॅमेरा आहे, बटण दाबलं की पोटातून लगेच फोटोचा कागद बाहेर टाकणारा. भांडणारी ही दोघं सख्खी भावंडं. टीव्हीवरच्या एका विनोदी खेळात आम्ही तिघं लाल टीम होतो. अकरा मिनिटं उरली होती आणि माझं डोकं असं सणकलं होतं की काच तडकायचीच बाकी होती.

थांबा, आधी माझं सांगतो. थोडक्यात सांगतो, मला एका जागी बसून लांबण लावता येत नाही.

कारखान्यातून निघालो तो थेट विम्याच्या एका साहेबांच्या बॅगेत. वाटलं होतं, वाढदिवस बघायला मिळतील, सहली मिळतील. मिळाल्या आपटलेल्या गाड्या. सतरा वर्षं मी नुसते पोचे बघितले. चेपलेली दारं, फुटलेले दिवे, जळालेली दुकानं. माझ्यासमोर कधी कुणी हसलं नाही. विमा मागायला आलेला माणूस हसेल कशाला? साहेब मात्र मला जपायचे. रोज काम संपलं की मऊ फडक्याने काच पुसायचे आणि लोकांना सांगायचे, हा गडी खोटं बोलत नाही.

मग त्यांच्या हातात नवा फोन आला आणि मी कपाटावर गेलो. सहा वर्षं. त्याबद्दल बोलत नाही, बोलायला लागलो की चिडतो. शेवटी सेटवर सामान पुरवणारे एक काका मला घेऊन आले. येताना मी एकदा त्यांच्या पेटीतून आपटलो, तेव्हापासून पोटात एक स्क्रू सुटा फिरतोय. तीच ती खडखड. तिने काही बिघडत नाही, पण मी सांगणार कसं?

तर खेळ असा होता. अर्ध्या तासात घरातल्या भांडणाचा फोटो काढायचा, पण फोटोत माणूस दिसता कामा नये. प्रत्येक टीमला एक कॅमेरा, पाच कागद आणि सेटवरची एक खोटी खोली. परीक्षक बाई अशा, की त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली तरी लोक टाळ्या वाजवायचे. हरणारी टीम त्याच दिवशी घरी.

बहिणीला घरात चिमी म्हणतात. उंची इतकी की दारात वाकावं लागतं, पण नाव चिमी. शाळेच्या कार्यालयातली नोकरी सोडून ती लोकांना हसवायला निघाली होती. दादा गॅरेजात पोचे काढतो. खेळात घरचं एक माणूस लागतं म्हणून तो आला, तोही एका अटीवर. हरलीस तर सोमवारी शाळेत जायचं आणि नोकरी परत मागायची. चिमीने हो म्हटलं होतं. सेटवर दादाने ते पुन्हा आठवून दिलं तेव्हा तिने माझा पट्टा इतका पिळला, की मला कळलं, हिचं काय जाणार आहे ते.

पहिला कागद त्यांनी पाठीला पाठ लावलेल्या दोन खुर्च्यांवर घालवला. फोटो आला तो फर्निचरच्या दुकानाच्या जाहिरातीसारखा. मग दादाला खडखड ऐकू आली. बारा वर्षांची सवय, त्याने बॉनेट उघडावं तशी माझी पाठ उघडली. आतल्या कागदांवर उजेड सांडला. दुसरा कागद पांढरा आला, तिसरा पांढरा, चौथ्याची तेवढी एक कड राखाडी. तळातला पाचवा वाचला असेल तर असेल. समोर पिवळी टीम आपापसात खिदळत होती.

चिमीने रागाने पलंगावरची चादर ओढली. दादाने दुसरं टोक धरलं, आधी ऐकून तर घे म्हणाला. दोघांनी खेचली आणि चादर दोरीसारखी ताठ झाली. चिमी तशीच थांबली. खोलीला समोरासमोर दोन दारं होती. ती म्हणाली, तू त्या दाराआड जा, मी या दाराआड. मधे नुसती चादर दिसेल.

पण मग बटण कोण दाबणार?

माझ्या अंगावर एक खटका आहे. तो ओढला की दहा सेकंदांनी मी स्वतःच फोटो काढतो. विम्याच्या साहेबांना तो कधी लागला नाही, कारण पोच्याशेजारी उभं राहून त्यांना फोटो नको होता. म्हणजे तो चालतो की नाही, ते मलाही माहीत नव्हतं. चिमीने मला टेबलावर ठेवलं, चपला भिरकावल्या, खटका ओढला आणि पळाली.

लाल दिवा लुकलुकायला लागला. चादर ताणली गेली. कधी इकडे सरकली, कधी तिकडे, दोघंही खरोखर खेचत होती. चिमी दाराआडून बोलली, हळूच. "दादा, मी परत नाही जाणार. तिथे मी दिवसभर गप्प असते रे."

दादाचं टोक सुटलं.

आणि मी नेमका तेव्हाच वाजलो.

पाचवा कागद हळूहळू उमटला. चादर हवेत, चिडून घर सोडून निघाल्यासारखी. उशी उलटी. आणि चिमीच्या दाराच्या कडेला, खाली, काहीतरी तपकिरी. दादाचं टोक सुटल्यावर चिमी मागे पडली होती आणि तिचे पाय वर आले होते.

बाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला. हे काय आहे, विचारलं. दादा पटकन म्हणाला, चप्पल.

चिमीने त्याच्याकडे बघितलं, मग बाईंकडे. "टाच आहे, बाई. चपलेला एवढ्या भेगा असतात का?"

बाई आधी नाकातून हसल्या, मग तोंडातून. टेबलावर हात आपटून हसल्या. पिवळी टीमसुद्धा हसली. मी सतरा वर्षांचा उपाशी, नुसता बघत राहिलो. कागद संपले होते.

मग बाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, टाच म्हणजे माणूसच. लाल टीम बाद.

सेटच्या मागे चिमी चपला शोधत होती. दादाने त्या आणून तिच्या पायाशी ठेवल्या. "सोमवारचं राहू दे," तो म्हणाला, आणि तिची बॅग उचलून पुढे चालायला लागला.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादा माझ्यासारखा कपाटावर पडलेला असेल. त्याला खाली काढा, पुसा, कामाला लावा. आतून आवाज आला तरी लगेच फेकू नका. आम्हाला अजून बरंच…

काकांनी पेटी उघडली. निघतो मी.