बन्सीच्या नावाची चाल

शलमोन मास्तरांचे चौथे कडवे मी गिळले, ही गोष्ट चाळीस वर्षे मला एकट्याला माहीत होती. आता ती आयर्लंडातल्या लोकांनाही माहीत झाली आहे, आणि ते त्याबद्दल टाळ्या वाजवतात.

आमचे गाव नेवासा तालुक्यात, प्रवरेच्या कडेला. गावात आम्हा ख्रिस्ती लोकांची वीस-पंचवीस घरे आणि एक दगडी चर्च. मास्तर शाळेत शिकवायचे आणि सणावाराला कीर्तन करायचे. नाताळ जवळ आला की राहुरीपासून शेवगावपर्यंत त्यांना बोलावणी यायची. मी त्यांचा झिलकरी. त्यांनी ओळ म्हणायची आणि मी मागे उभा राहून, झांज वाजवत, ती उचलून वर चढवायची. मला तेव्हा अक्षर येत नव्हते. मास्तर वहीत लिहायचे, मी कानाने घ्यायचो. त्यांना कधी शब्द आठवला नाही तर मागे वळून माझ्याकडे बघायचे आणि मी हळूच सोडायचो.

कीर्तन संपले की मास्तर आभार मानायचे. पेटीवाल्याचे नाव घ्यायचे, मृदंगवाल्याचे घ्यायचे, चहा करणाऱ्या बाईचेही घ्यायचे. माझे घ्यायचे नाहीत. मी त्यांना वेगळा माणूस वाटतच नसेन. आपल्या गळ्याचे आपण कुठे आभार मानतो? हे आज सुचते. तेव्हा नुसते टोचायचे. ते कडवे गिळले तोवर अकरा वर्षे टोचले.

चौऱ्याऐंशी साली पाणलोटाच्या कामाला एक गोरा तरुण आला. नाव फिन्टन. गावाने आठवड्याभरात त्याचा पिंटू केला. आयर्लंड कुठे आहे ते आम्हाला ठाऊक नव्हते. त्याला कुणी इंग्रज म्हटले की तो चिडायचा, एवढे मात्र सगळ्यांना लवकर कळले. त्याच्याकडे सहा भोकांचा पत्र्याचा पावा होता. दुपारी कामाला सुट्टी झाली की तो निंबाखाली बसून त्याच्या गावाकडच्या चाली वाजवायचा. कधी अंगात आल्यासारख्या पळणाऱ्या, कधी एकदम रडक्या. बायका म्हणायच्या, पिंटूला आईची आठवण आली.

मास्तरांचे एक पद त्याने चर्चमध्ये ऐकले आणि ते त्याच्या मनात बसले.

नाव फुटकी माझी देवा, पैलतीर दूर.

नदीकाठचे पद. पुराच्या वर्षी केलेले. मास्तर शाळेत होते, म्हणून तो माझ्याकडे आला. मिशनच्या गोदामाच्या ओट्यावर आम्ही बसलो. मी हळू म्हणायचे, त्याने पाव्यावर घ्यायचे आणि वहीत काहीतरी टिपायचे. एक कडवे झाले, दुसरे झाले, तिसरे झाले. मग त्याने मोडक्या हिंदीत विचारले, "और है?"

होते. चौथे होते.

शलमोन म्हणे, ओंजळ थकली, वल्हे तू धर,
नाव फुटकी माझी देवा, पैलतीर दूर.

शेवटच्या कडव्यात पद करणाऱ्याने आपले नाव घालायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. ते कडवे म्हणजे पदाचा सातबारा. आदल्याच दिवशी भेंडा गावी कीर्तन झाले होते. मास्तरांनी मांडव घालणाऱ्या पोरांची सगळी नावे घेतली होती. मी म्हणालो, "बस. एवढंच हाय."

मला वाटले, एक गोरा माणूस त्याच्या देशात जाईल आणि चार लोकांसमोर हे पद बिननावाचे वाजवील. बघू दे मास्तरांना कसे लागते ते. मास्तरांना ते कळणारही नव्हते, तरी मला बरे वाटले. त्या रीतीखेरीज जगात दुसरी रीत असेल, हे माझ्या डोक्यात आले नाही.

पिंटू दोन वर्षांनी गेला. मग एक्याण्णव साली माझ्या नावाने पाकीट आले. आत कॅसेट, वर चार जणांचा फोटो, त्यात तो दाढी वाढवून उभा. मी ती घेऊन मास्तरांकडे गेलो, कारण गावातले सगळे कागद मास्तरच वाचायचे. त्यांनी चष्मा लावला. मागची बाजू बराच वेळ वाचली.

"काय लिव्हलंय, मास्तर?"

"काही नाही रे. कंपनीचा पत्ता आहे."

कॅसेट परत माझ्या हातात देताना त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले नाही. त्यानंतर त्यांनी ते पद कधी म्हटले नाही. लोक फर्माईश करायचे, ते दुसरेच काढायचे. मी विचारले तर म्हणाले, "गळा लागत नाही त्याला आता." पुढे बारा वर्षे मी त्यांच्या मागे झांज वाजवली. मग ते वारले.

मास्तर गेल्यावर पवित्रशास्त्र वाचून दाखवायला कुणी उरले नाही, म्हणून सत्तावन्नाव्या वर्षी मी चर्चच्या प्रौढ वर्गात बसलो. बायको दीना माझ्या शेजारी बसायची आणि माझ्या आधी तिला यायचे. मराठी आल्यावर नातवाच्या पुस्तकावरून इंग्रजी अक्षरे जुळवली. अक्षर आले की माणूस घरातले सगळे डबे-बाटल्या वाचत सुटतो. तशीच एके दिवशी ती कॅसेट काढली. तिसऱ्या नंबरची चाल. बी, ए, एन, एस, आय.

माझे नाव होते.

मी दीनाला बोलावले. ती म्हणाली, "तुमचंच हाय की वो! मग मास्तर पत्ता का म्हनले?"

मास्तरांनी आपल्या पदावर माझे नाव वाचले होते. त्यांना काय वाटले असेल? बन्सीनेच त्याला सांगितले, पद माझे आहे, असेच ना? मी तसे सांगितले नव्हते. पण हे सांगायला माणूस राहिला नव्हता.

पिंटू तोवर मोठा झाला होता. मोबाईल आले तसे कळत गेले. सुरुवातीला ते चौघे दारूच्या गुत्त्यात कोपऱ्यात बसून वाजवायचे, मग टीव्हीवर आले, मग अमेरिकेत मैदाने भरायला लागले. त्यांच्या बँडचे नाव त्यांच्या बोलीत होते, अर्थ परतलेली पाखरं. गाणारी बाई त्याची बायको होती, ती सोडून गेली. तो दारूत बुडाला, दहा वर्षे कुणी विचारले नाही, मग पुन्हा उभा राहिला. आणि प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी दिवे मंद करून तो पत्र्याच्या पाव्यावर एकट्याने वाजवायचा ती चाल, बन्सीची. लोक रडायचे.

नगरच्या एका पेपराने ते शोधून काढले आणि माझा फोटो छापला. गावाने सत्कार केला. शाल, नारळ, फेटा. मास्तरांची मुलगी एंजेला त्या सभेला होती. हायस्कूलला इंग्रजी शिकवते. माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली पोर. खाली उतरल्यावर तिने मला बाजूला घेतले.

"बन्सीकाका, हे पद बाबांचं आहे ना?"

खांद्यावर शाल होती. मी म्हणालो, "देवाचं पद, पोरी. समद्यांचंच की."

ती बापासारखीच चष्मा पुसत राहिली.

गेल्या साली जानेवारीत पिंटू आला. सांधे धरले होते, बोटे वाकडी झाली होती, वाजवण्याचे हे त्याचे शेवटचे वर्ष होते. त्याच्यावर फिल्म निघत होती म्हणून बरोबर दोन कॅमेरेवाले. बोलणे समजावून सांगायला गावात एंजेलाच. ती सकाळीच माझ्या घरी आली, काखेत बापाची वही.

"काका, मी आज कॅमेऱ्यासमोर विचारणार आहे त्याला. चौथं कडवं आणि बाबांचं नाव कुठं गेलं म्हणून. चाळीस वर्षं मिरवलंय त्यानं. तुम्ही फक्त सांगा, तुम्ही चार कडवी शिकवली होती. तुम्ही साक्षीदार आहात."

दीना चुलीपाशी होती. ती म्हणाली, "त्यास्नी काय इचारतीस, सत्काराचा फेटा अजून पेटीत हाय त्यांचा."

"तू गप," मी म्हणालो.

"गपच हाय. तुमी बोला."

गोदाम पडले आहे, पण ओटा शिल्लक आहे. तिथेच बसलो. पिंटूने मला मिठी मारली. अंगाला म्हातारपणाचा आणि औषधाचा वास, माझ्यासारखाच. "बन्सीभाऊ," तो म्हणाला, हे त्याला आठवत होते. एंजेलाने वही उघडली, चौथ्या कडव्यावर बोट ठेवले आणि इंग्रजीत बोलायला लागली. आधी हळू, मग तिचा आवाज चढला. शलमोन हे नाव मला तीनदा ऐकू आले.

पिंटूने वही पाहिली. मग माझ्याकडे पाहिले. त्याला आठवले, हे मला दिसले. "और है?" आणि "बस", दोन्ही आठवले. त्याने वाकडा हात छातीवर ठेवला आणि मराठीत म्हणाला, "माझी चूक." पुढे इंग्रजीत बरेच बोलला.

एंजेलाने मला सांगितले, "म्हणतो, मीच विसरलो असेन, तरुण होतो. आणि त्यांच्याकडे रीत आहे म्हणे, चाल ज्याच्याकडून मिळाली त्याचं नाव तिला द्यायचं. मान म्हणून. पद कुणी केलं ते विचारायला हवं होतं, म्हणतो." ती कडवट हसली. "विसरला! सोयीचं विसरणं."

परका माणूस माझे ओझे आपल्या पाठीवर घेत होता आणि मला नुसते बसून राहायचे होते. बसलो असतो तर निभावले असते. पण मास्तरांच्या वहीतले अक्षर आता मला वाचता येत होते. शलमोन म्हणे. तो श काढायची त्यांची पद्धत मी ओळखत होतो.

"एंजेला, तो इसरला न्हाई. म्याच सांगितलं न्हाई. त्यानं इचारलं हुतं, अजून हाय का. मी म्हनलो, बस."

"काय?"

"मास्तरनं माझं नाव कधी घेतलं न्हाई, पोरी. अकरा वर्सं. चहावालीचं घेतलं."

"म्हणून?" ती म्हणाली.

पिंटू विचारत होता, काय म्हणाला, काय म्हणाला. कॅमेरा चालू होता. एंजेला एकेक वाक्य मोजून इंग्रजीत सांगायला लागली, वर्गात सांगतात तसे. मध्येच थांबली, चष्मा काढला, पुन्हा लावला. काहीही गाळले नाही. ती मास्तरांची मुलगी आहे, पण तेवढ्यापुरती बापापेक्षा सरळ निघाली.

मग मी चौथे कडवे म्हटले. पिंटूने पाव्यावर घेतले, बोटे अडखळत होती तरी घेतले. डोळे पुसून तो म्हणाला, शेवटच्या कार्यक्रमात मी हे नाव सगळ्यांना सांगीन.

जाताना एंजेलाने वही काखेत घेतली. "काका, त्यानं चोरलं असतं ना, तर मला बरं वाटलं असतं. बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, बन्सी माझा गळा आहे."

माझ्यापाशी ते कधी म्हणाले नव्हते.

फिल्म मे महिन्यात मोबाईलवर आली. मोठे थिएटर, पिंटू खुर्चीत बसून बोलतो. चित्राखाली मराठी अक्षरे येत होती, मी ती स्वतः वाचली. तो सांगत होता, भारतात माझा एक म्हातारा गुरू आहे, बन्सी. त्याने रागाच्या भरात एक कडवे चाळीस वर्षे दडवून ठेवले, आणि मला ते आता दिले. लोक हसले. मग टाळ्या, उठून उभे राहून टाळ्या. पद कुणाचे ते त्याने सांगितले, नाही असे नाही. खाली अक्षरे आली: त्याचा एक शिक्षक मित्र. नाव त्या टाळ्यांत गेले. मग पावा सुरू झाला आणि पडद्यावर चालीचे नाव आले. बी, ए, एन, एस, आय.

दुसऱ्या दिवशी सत्कार करणाऱ्या गावच्या मंडळाची माणसे घरी. "बन्सीबाबा, प्रामाणिकपणाबद्दल तुमचा पुन्हा सत्कार करायचा."

दीनाने पेटीतला फेटा काढून त्यांच्यापुढे टाकला. "ह्योच बांधा परत. नवा कशाला?"

त्यांना ती चेष्टा वाटली.

रविवारी चर्चमध्ये तरुणांच्या गायनमंडळाने तेच पद धरले. मोबाईलवर ऐकून बसवलेले, गिटारवर, त्या लोकांसारखे ओढून ओढून. तीन कडवी झाली आणि गिटार थांबले. मी उठलो, झांज घेतली आणि चौथे म्हणायला लागलो. शलमोन म्हणे, ओंजळ थकली. ओळ संपली की झिलकऱ्याने उचलायची असते. मी झांज वाजवत थांबलो. तरुण एकमेकांकडे बघत होते, त्यांना शब्द येत नव्हते. दीनाने एकदा तोंड उघडले, पण तिचा सूर लागला नाही.

बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर एंजेला होती. तिला कडवे पाठ होते. तिने माझ्याकडे पाहिले, मांडीवरचे पुस्तक मिटले आणि दाराशी जाऊन चपला पायात घालू लागली. मी ती ओळ पुन्हा म्हटली.