उमियाशंकरभाईंची नोंद

उमियाशंकर अंताणी गेले त्याच्या बाराव्या दिवशी आमच्या नाणे मंडळाने त्यांची शोकसभा ठेवली, आणि साडेचार वाजेपर्यंत ते संशयाच्या पाकिटात जाऊन पडले होते. पाकिटात त्यांना घातलं मीच. मंडळाची मंत्री, म्हणजे चिटणीस, मी आहे, त्यामुळे असली कामं माझ्याच वाट्याला येतात.

त्याचं असं झालं. भूकंपात मंडळाच्या सगळ्या वह्या गेल्या. नंतर उमियाभाईंनी स्वतः पुढे होऊन एक नवी छापून घेतली. जाडजूड, उघडताना दोघांनी धरावी लागते अशी. तिच्यात कप्पे आखलेले आहेत: धातू, वजन, कडा, कुणाकडून आलं, स्थिती, शेरा, आणि शेवटी तीन परीक्षकांच्या सह्या. तीन सह्या झाल्या की वस्तू अस्सल. एक जरी राहिली, तरी वस्तू खाकी पाकिटात. हा नियम उमियाभाईंचाच, आणि तो त्यांनी सख्ख्या मेव्हण्यासाठीही सोडला नाही. आता सभासद वारला की त्याची नोंद करायला दुसरी वही कोण आणणार? तीही ह्याच वहीत, ह्याच कप्प्यांत होते. आजवर सहा जण असे गेले आणि सगळे बिनबोभाट अस्सल ठरले.

उमियाभाईंच्या नोंदीला मी तीन वाजता बसले. डॉक्टर वोरा शेजारी होते. ते दातांचे डॉक्टर, आणि मंडळाचे अध्यक्ष.

"धातू?" मी विचारलं.

"दोन दाढा सोन्याच्या, मीच बसवल्यात. बाकी काय ते तुम्हाला माहीतच आहे. मिश्र लिहा."

"वजन?"

"एकसष्ट किलो. दिवाळीत केलेलं."

कडा ह्या कप्प्यात मी रेघ मारत होते, तर तरुलताबेन म्हणाल्या, "रेघ काय मारतेस, मंजु? लिही ना, धारदार. शेहेचाळीस वर्षं मला माहीत नाही का?"

तरुलताबेन म्हणजे उमियाभाईंच्या पत्नी. पांढरी साडी, हातात रुमाल, पण रुमालाचा उपयोग त्या वारा घ्यायलाच जास्त करत होत्या. 'कुणाकडून आलं' ह्या कप्प्यावर त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "सासूबाईंकडून. एकदा दिलं ते दिलं. तक्रार केली तर म्हणायच्या, आता वापरलेलं आहे, परत घेणार नाही."

मी "मातुःश्रींकडून" एवढंच लिहिलं.

त्यांचा जीव मात्र नोंदीत नव्हता. तो होता त्यानंतरच्या कामात. आमच्यात नाण्याला कुणी तळवा लावत नाही. दोन बोटांत कडेने धरायचं, खाली मऊ कापड. घामाचा डाग पडला तर सबंध मंडळाला दाबेली खिलवावी लागते. पण सभासद गेला आणि त्याची नोंद पुरी झाली, की त्याचं लाडकं नाणं एकदाच, फक्त एकदाच, उघड्या तळव्यांवरून टेबलाभोवती फिरतं. पहिला हात घरच्यांचा.

उमियाभाईंचं लाडकं नाणं म्हणजे एक कोरी, कच्छ संस्थानातलं जुनं नाणं. चांदीची, तिथल्याच टांकसाळीतली, आणि तिच्यावर ठसा दोनदा बसलेला. दोन त्रिशूळ, एकात एक अडकलेले. लग्नानंतर आठवड्यातच तरुलताबेननी ती सहज उचलली होती, तर उमियाभाई "कडेने!" असे ओरडले की शेजारच्यांना वाटलं साप निघाला. ते काठी घेऊन धावत आले. त्यानंतर कोरी कपाटात, किल्ली जानव्याला.

बेसण्याच्या, म्हणजे घरी सांत्वनाला बसण्याच्या दिवशी, लोक फोटोपुढे हात जोडून निघून जात होते, तेव्हा तरुलताबेन माझ्या कानाशी लागून म्हणाल्या होत्या, "मला ती एकदा हातात घ्यायची आहे गं. ठेवून नाही घेणार. नुसती हातात."

ठेवून घ्यायची सोयच नव्हती. मृत्युपत्रात कोरी संग्रहालयाला लिहिलेली. तिथला माणूस पांढरे हातमोजे घालून तीन वाजल्यापासून दारातल्या खुर्चीवर बसून होता. समोरचं संग्रहालय सहाला बंद, त्याआधी कोरी काचेच्या पेटीत, आणि मग तरुलताबेननाही तिकीट काढूनच बघावी लागणार. म्हणजे जे काय व्हायचं ते आज, सहाच्या आत.

डॉक्टर वोरांनी सही केली. उमियाभाईंच्या रिकाम्या जागी मला हंगामी परीक्षक नेमलं होतं, मी केली. तिसरी सही जुसबभाई खत्रींची.

जुसबभाई अजरखचं छापकाम करतात. मनगटापर्यंत हात निळे, ते आता ह्या जन्मी धुतले जायचे नाहीत. महिनाभर मस्कतला मुलीच्या बाळंतपणाला गेले होते, ते सकाळीच उतरले होते आणि तडक सभेला आले होते. त्यांनी भिंग काढलं. नोंद वाचली. मग भिंग खिशात ठेवलं.

"मी सही करणार नाही."

"का?" डॉक्टर म्हणाले.

"मी वस्तू पाहिलेली नाही."

"अहो जुसबभाई, वस्तू काय! उमियाशंकर गेला."

"असं तुम्ही म्हणता. मी निघालो तेव्हा चांगला होता. जिन्यापर्यंत आला, माझ्या पिशवीला नावं ठेवली, आणि वर गेला. माझ्या पाहण्यातली शेवटची स्थिती ती. ऐकीव गोष्टीवर मी सही करत नाही, आणि हे मला शिकवलं कुणी? त्यानेच."

"पेपरात आलंय."

"पेपरात तर त्याची कोरी अस्सल आहे असंही आलं होतं."

मी नगरपालिकेचा मृत्यूचा दाखला पुढे केला. त्यांनी पुन्हा भिंग काढलं आणि दाखल्यावरचा शिक्का बराच वेळ पाहिला.

"मधोमध बसलेला नाही," म्हणाले.

तर इथे कोरीचं सांगायला हवं. तिच्यावरही जुसबभाईंची सही नव्हती. एकतीस वर्षं नव्हती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उमियाभाई खाकी पाकीट खिशातून काढायचे, जुसबभाई कोरी पाहायचे आणि म्हणायचे, "टांकसाळीतली नाही. कुणा सोनाराने ठोकलीय." मग अर्धा तास दोघं एकमेकांची वाडवडिलांपासून झाडाझडती घ्यायचे. एकदा उमियाभाईंनी चहाची बशी फोडली, एकदा जुसबभाई चप्पल न घालताच घरी गेले. पुढच्या महिन्यात पुन्हा पाकीट. मंडळात बाकीच्यांनी आणलेली नाणी बहुतेक चहा झाल्यावर घाईघाईनेच बघितली जात.

नियमाप्रमाणे मी उमियाभाईंच्या नावाची चिठ्ठी केली आणि त्याच पाकिटात कोरीशेजारी सरकवली. दुसरं पाकीट नव्हतं. तरुलताबेन ते बघत होत्या.

"म्हणजे आता हे संशयित?"

"तात्पुरते, तरुबेन."

"किती दिवस?"

मी पाकीट परत खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. कोरीची एकतीस वर्षं झाली होती.

सव्वापाच वाजले. दारातला माणूस घड्याळ पाहून हातमोजे सारखे करू लागला. डॉक्टर वोरांनी जुसबभाईंना बाजूला घेऊन मोठ्याने समजावलं, कारण जुसबभाईंना हळू बोललेलं ऐकू येत नाही, त्यामुळे ते सगळ्यांनाच समजावल्यासारखं झालं. मागच्या रांगेतून कुणीतरी सुचवलं, अंगठा चालेल का. जुसबभाई म्हणाले, अंगठाही माझाच आहे.

तेव्हा तरुलताबेन उठल्या.

"जुसबभाई, नाणं तुम्ही पारखता कसं?"

"पाहून, भाभी. तोलून. वाजवून."

"पाहायला ते आता मिळायचे नाहीत. तोललेलं वहीत आहे. मग वाजवून बघा."

"म्हणजे?"

"म्हणजे काय ते तुम्हाला कळलंय."

जुसबभाईंना कळलं होतं. चेहऱ्यावरून आम्हालाही कळलं. ते उठले, टेबलाला वळसा घालून हार घातलेल्या फोटोपुढे जाऊन उभे राहिले. फोटोतले उमियाभाईही काही फार प्रसन्न नव्हते.

"उमिया," जुसबभाई म्हणाले, "तुझी कोरी नकली आहे."

पंखा फिरत होता. फोटोवरचा हार जरा हलला, तर सगळ्यांनी तिकडे पाहिलं. पंखाच होता.

"सोनाराने ठोकलीय! ऐकतोस ना? तुझ्या डोळ्यांत पडदे आलेत, आणि तुझ्या बापालाही त्रिशूळ आणि दाताळं ह्यातला फरक कळत नव्हता!"

हे ऐकून उमियाभाई एरवी खुर्चीसकट उठले असते. जुसबभाईंनी कानामागे निळा हात धरला. आम्ही बावीस माणसं श्वास रोखून बसलो. खरं सांगते, मीही वाट पाहत होते. कुणी खोकलं असतं तरी आम्ही ते मानून घेतलं असतं.

तिसऱ्यांदा ते अगदी हळू बोलले. "नकली आहे रे, उमिया. बोल की."

कानामागचा हात त्यांनी खाली घेतला. मग परत येऊन त्यांनी पेन मागितलं, उमियाभाईंच्या नोंदीखाली सही केली, आणि शेऱ्याच्या कप्प्यात आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: वाजला नाही.

"झालं," डॉक्टर वोरा म्हणाले. नाक शिंकरायला त्यांनी मऊ कापडच घेतलं, नाण्यांचं.

सहाला वीस मिनिटं होती. मी पाकीट आणलं, चिठ्ठी बाजूला काढली, कोरी दोन बोटांत धरून तरुलताबेनच्या पुढे केली. त्यांनी रुमाल कमरेला खोचला. तळवा पुढे केला. मी कोरी ठेवली. त्यांनी मूठ मिटली.

दारातला माणूस उठून उभा राहिला आणि मला खुणेने विचारू लागला, किती वेळ? मी त्याला रीत सांगितली: नाणं हातात गरम झालं की पुढच्याला द्यायचं. चांदी ती, मिनिटभरही लागत नाही. बावीस हात म्हटले तरी सहाच्या आत होईल.

पुढचा हात जुसबभाईंचा. ते आपला निळा तळवा पसरून शेजारी बसले.

दोन मिनिटं झाली. पाच झाली.

"तरुबेन," मी विचारलं, "गरम झाली का?"

"अजून नाही."

वैशाख होता. बाहेर त्रेचाळीस डिग्री होतं, आणि पाकीट सबंध दुपार खिडकीच्या दगडी कट्ट्यावर उन्हात पडलेलं होतं. मी कोरी काढली तेव्हाच तिने माझी बोटं भाजली होती. डॉक्टर वोरांनी ते पाहिलं होतं, कारण मी फुंकर मारली होती.

"गार आहे," तरुलताबेन पुन्हा म्हणाल्या, कुणी विचारलं नव्हतं तरी. त्यांनी मुठीवर दुसरी मूठ ठेवली.

सहाला पाच कमी होते. संग्रहालयवाला पुढे आला. "बेन, आता बंद होईल. मला वर उत्तर द्यावं लागतं. एक मिनिटात गरम होते म्हणे?"

तरुलताबेननी त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं. मग तो जुसबभाईंकडे वळला, म्हणाला, "काका, तुम्ही जाणकार आहात. तुम्हीच हात लावून सांगा, गरम आहे की गार?"

जुसबभाईंनी आपला तळवा मिटला आणि मांडीवर ठेवला.

"ज्याच्या हातात आहे तो सांगेल," ते म्हणाले. "मी वस्तू पाहिलेली नाही. खाली जाऊन चहा सांग. सगळ्यांना."