मागं बसणारं माणूस

बाबा गेल्यावर आई एकदा त्यांच्या मोटारसायकलवर बसली. सिद्धेश्वर गावी राहणाऱ्या पद्मामावशीला नात झाली होती. आईनं तिच्यासाठी दुपटी शिवून ठेवली होती, पण ती घेऊन जाणार कशी? एस्टी तिला लागते, आणि आमच्या पुसेगावहून तिकडं जायचं तर दोनदा बस बदलावी लागते. म्हणून मी गाडी काढली. वेशीजवळच्या स्पीडब्रेकरवर मागचं चाक दणकन आपटलं आणि आई म्हणाली, "उतरव मला."

ती पायी घरी आली. त्यानंतर अंगणाबाहेर पडली नाही. विचारलं की म्हणायची, "त्या गाडीच्या मागं दम न्हाई. कंबर गेली माझी."

निमित्त आहे, असं मला वाटलं. पण दुरुस्त होण्यासारखं निमित्त होतं, म्हणून मी गाडी नासेरभाईंच्या गॅरेजात नेली. बाबांची गाडी तेच बघायचे; बाबांना ते तातेरावभाऊ आणि आईला भाभी म्हणत. त्यांनी सीट दाबून सोडली. गाडी पाळण्यासारखी हलत राहिली.

"शॉकप कवाचेच गेले, बेटा. तेल बघ, सगळं भाईर. यावर तातेरावभाऊ भाभीला घेऊन हिंगोलीला जात होते, कमाल हाय!"

गाडी मेन स्टँडवर चढली. डावीकडचा बोल्ट गंजून बसला होता, तो डिझेल आणि हातोडीला बधेपर्यंत चहा झाला. धक्के झेलणारे नवे शॉकप बसवून नासेरभाईंनी पान्हा हातात घेतला.

"मागं कोन बसनार? एकटीच फिरनार आसशील तर स्प्रिंग नरम ठेवतो. डबल आसंल तर कडक करावं लागंल."

"आईला न्यायचं होतं," मी म्हणाले. "पण ती बसेल असं वाटत नाही."

त्यांनी माझ्याकडं न बघता फोन लावला. "भाभी, काम अडलंय. तुमचं वजन पायजे."

पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "काहून? हळद हाय का मी, काट्यावर टाकायला?"

तरी आई आली. डोक्यावर पदर, कपाळाला आठ्या. पोत्यावर पडलेले जुने शॉकप तिनं वाकून पाहिले.

"हे गेलेले मला ठावं हायेत. मागच्या दिवाळीपासून तुझे बाबा मला उठवूनच नेत होते."

"उठवून?" मी विचारलं.

"ब्रेकर आला की 'हं' म्हनायचे. मी खांदा धरून जरा वर व्हायची. खड्डा आला की 'हं'. पार हिंगोलीपस्तोर हं, हं." तिनं माझ्याकडं पाहिलं. "तू त्या दिवशी काहीच म्हनली न्हाईस."

गाडीबद्दल बाबांनी मला पुष्कळ सांगितलं होतं. हे तेवढं राहिलं होतं.

"बसा भाभी," नासेरभाई म्हणाले.

मी पुढं बसले. आई बराच वेळ उभी राहिली, मग एका अंगानं मागं टेकली. नासेरभाईंनी खाली वाकून पाहिलं, आम्हाला उतरवलं, दोन्हीकडं स्प्रिंगची एकेक खाच फिरवली आणि पुन्हा बसवलं.

"आता बराबर. वेशीपर्यंत चक्कर मारून या."

स्पीडब्रेकर दिसला.

"हं," मी म्हणाले.

खांद्यावर हात पडला. मागचं वजन किंचित उचललं गेलं. चाक चढलं, उतरलं. गाडी एकदा दबली आणि शांत झाली.

"उगंच उठले," आई म्हणाली. "काहीच लागलं न्हाई."

"मग आता म्हणू नको?"

वेस मागं पडली, दोन्ही बाजूंना शेतं लागली. हात खांद्यावरच होता.

"म्हनत जा," ती म्हणाली. थोडं पुढं गेल्यावर तिनं माझा खांदा हलवला. "अगं, चालली कुठं? फिरव गाडी. दुपटी घरीच हायेत. पद्माकडं काय रिकाम्या हातानं जायाचं?"