चारशे बारावा दगड

शशिकांतनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि दगडांचे थर खालून पुन्हा मोजायला घेतले. मघाशी मोजताना त्यांचं बोट भिंतीला टेकलं होतं आणि गार्ड लगबगीने जवळ आला होता. 'सर, प्लीज डोन्ट टच.' माणूस भला होता, हसूनच म्हणाला. पण बासष्ट वर्षांच्या माणसाला चारचौघांत असं सांगितलं की कान तापतातच.

समोर इजिप्तमधलं देऊळ होतं. नाईल नदीवर धरण बांधलं तेव्हा बुडू नये म्हणून ते दगड न् दगड सुटं केलं गेलं, बोटीने न्यूयॉर्कला आलं आणि म्युझियमच्या या काचेच्या दालनात पुन्हा उभं राहिलं. पुढे संथ पाण्याचा हौद, पलीकडे उंच तिरकी काच, काचेबाहेर पार्कातली नोव्हेंबरची उघडी झाडं. शनिवार असल्यामुळे गर्दी होती. लोक देवळाकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढून घेत होते. दगडांकडे बघणारे शशिकांत एकटेच. कुठे नंबर दिसतो का, ते शोधत होते.

दाराजवळच्या एका दगडावर काहीतरी कोरलेलं दिसलं आणि त्यांच्या छातीत धस्स झालं. वाकून पाहिलं, तर ती नावं होती. कोणे एके काळी आलेल्या गोऱ्या प्रवाशांनी आपापली नावं कोरून ठेवली होती. हा उद्योग सगळीकडे सारखाच, असं म्हणून ते सरळ झाले.

"आजोबा, रेडी?"

रुचा कॅमकॉर्डर डोळ्याला लावून उभी होती. ती सहावीत होती. शाळेत प्राचीन इजिप्त चाललं होतं आणि त्यावर तिने प्रोजेक्टचा विषय घेतला होता, 'माझ्या आजोबांनी देऊळ हलवलं'. वर्गात दुसऱ्या कोणाच्या आजोबांनी देऊळबिऊळ हलवलेलं नव्हतं. बाई इतक्या खूश झाल्या, की मंगळवारी आजोबांनाच वर्गात घेऊन ये म्हणाल्या. महिनाभर शशिकांतनी गुडघ्याची सबब सांगून पाहिली. त्यांचा मुलगा शंतनू, एरवी लेकीचा शब्द खाली पडू न देणारा, यानेही 'बघू, बघू' करत दोन शनिवार ढकलले. शेवटी रुचा रडली आणि आज तिघं प्रिन्सटन जंक्शनहून ट्रेन धरून आले. आता शंतनू तिघांचे कोट मांडीवर घेऊन बाकावर बसला होता. आल्यापासून तो देवळाजवळ फिरकलेला नव्हता.

देवळाची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. १९७३ साली शशिकांत पाटबंधारे खात्यात ज्युनिअर इंजिनियर होते. धरणाच्या पाण्यात एक गाव जाणार होतं. त्या गावातलं भैरवनाथाचं दगडी देऊळ त्यांनी सुटं करून वर टेकडीवर हलवलं. त्यांच्या बायकोने, वसुधाने, ही गोष्ट हळदीकुंकवापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे सांगितली. दोन वर्षांपूर्वी वसुधा गेली. गोष्ट मागे राहिली, आणि ती खोटी होती.

"फर्स्ट क्वेश्चन," रुचा म्हणाली. "स्टोन्स मिक्स झाले नाहीत का?"

"नंबर घातले ना. रंगाने नाही, रंग पावसात जातो. पाथरवटाकडून छिन्नीने कोरून घेतले." बोलता बोलता त्यांचे हात पाठीमागून पुढे आले. "पायाचा दगड एक नंबर. तिथून चढत जायचं. कळसाखालचा चारशे बारा."

"मग?"

"मग काढताना उलटं. चारशे बारा आधी निघतो, एक नंबर सगळ्यात शेवटी. बांधताना पुन्हा एकपासून."

"दॅट्स सो कूल. ही आयडिया तुझी होती?"

"यांची." त्यांनी देवळाकडे हात केला. "ऑफिसात एक मासिक यायचं. त्यात इजिप्तचे फोटो आले होते, देवळं उचलतानाचे. मी ते गावात नेऊन दाखवले. म्हटलं, हे लोक हलवतात, तर आपण का नाही?"

इथपर्यंत सगळं खरं होतं. त्या मासिकावर सगळा गाव ओणवला होता. सर्वांत जास्त वेळ पाहिलं ते भिवा गुरवाने. भैरवनाथाची पूजा त्याच्याकडे होती. मूर्ती आधी टेकडीवर नेऊन ठेवू, असं शशिकांतनी सुचवलं, तर भिवा ऐकेना. देऊळ हलेल तेव्हा देव हलेल, त्याआधी नाही. मग रीतीप्रमाणे त्याने कौल लावला. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवली आणि देवाची मर्जी काय ते बघत गाव बसून राहिलं. अर्ध्या तासाने उजवीकडचं फूल पडलं. म्हणजे देवाचा होकार. भिवा वळून म्हणाला होता, "देवानं सांगितलं साहेब. आता तुमचा शबूद."

शशिकांतनी शब्द दिला होता.

"वेट, आता माझा पार्ट," रुचा म्हणाली. तिने कॅमेरा देवळाकडे फिरवला आणि दुसऱ्या हातातल्या वहीतून वाचायला लागली. देऊळ दोन हजार वर्षांचं आहे. नदीत बुडालेल्या दोन भावांना देव मानून इथे त्यांची पूजा होत असे. "अँड बिफोर दे मूव्ह्ड इट, आधीच्या एका डॅममुळे हे टेंपल एव्हरी यिअर नाइन मंथ्स अंडरवॉटर होतं. फॉर डेकेड्स."

"काय म्हणालीस?"

"आजोबा! मी रेकॉर्ड करतेय."

"पाण्याखाली होतं? काढायच्या आधी?"

"हो. आय रेड इट. वर्षातले नऊ महिने. पेंट सगळा वॉश झाला, पण स्टोन्स ओके होते. मग त्यांनी काढलं."

शशिकांतनी खिशातून चष्मा काढला, देवळाच्या कोपऱ्याजवळ गेले आणि खालच्या थरापासून वर बघत गेले. दगड कुठे झडलेला नव्हता. सांध्यांच्या कडा अजून शाबूत होत्या.

त्या मे महिन्यात पाथरवट देऊळ सुटं करायला यायचे होते. मोठ्या साहेबांना रेस्टहाऊस लवकर पुरं व्हायला हवं होतं, म्हणून शशिकांतनीच पाथरवट तिकडे वळवले. देऊळ काय, आठ दिवसांनी घेऊ, असं म्हणत महिना गेला. मग मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "धरणाची दारं बंद करायची आहेत. खाली काही राहिलंय का?" राहिलंय म्हटलं असतं, तर का राहिलं ते सांगावं लागलं असतं. शशिकांत म्हणाले, "नाही साहेब." जूनमध्ये पाणी चढलं. घरी वसुधाने विचारलं, "हललं का हो देऊळ?" साहेबांना एक सांगून झाल्यावर बायकोला दुसरं काय सांगणार? "हललं," ते म्हणाले. तिने तिथल्या तिथे हात जोडून भैरवनाथाला नारळ बोलला. पुढे जन्मभर ती, चला, देऊळ दाखवा, नारळ वाहून येऊ, म्हणत राहिली आणि ते रस्त्याची सबब सांगत राहिले.

पण खरा पिच्छा पुरवला तो भिवाने. पुढच्या वर्षी चैत्रात तो ऑफिसच्या पायरीवर येऊन बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. "साहेब, कळस दिसाय लागलाय. अजून काढता यील." शशिकांत म्हणाले, "भिवा, एकदा पाण्याखाली गेलेला दगड कामाचा राहत नाही." तो गेला आणि पुढच्या चैत्रात पुन्हा आला. तिसऱ्या वर्षी शशिकांतनी बदली मागून घेतली. पण भिवा काही सुटला नाही. आता शंतनूच्या वेस्ट विंडसरच्या घरातही डिशवॉशरमध्ये पाणी भरायला लागलं, की ते उठून दुसऱ्या खोलीत जात. सुनेला वाटे, त्यांना आवाजाचा त्रास होतो.

पाण्याखाली गेलेला दगड कामाचा राहत नाही. या एका वाक्यावर त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. आणि पाण्याखाली गेलेला दगड इथे त्यांच्यासमोर उभा होता.

त्यांनी दारातून आत पाहिलं. गाभाऱ्याकडे अंधार होता. देव नव्हता. पायरीवर कोणीतरी उकिडवं बसलं होतं, गुडघ्यावर टोपी ठेवून. मग तो माणूस बुटाची नाडी बांधून उठला, टोपी घातली आणि आपल्या बायकोमुलांमागे निघून गेला.

"लास्ट क्वेश्चन," रुचाने कॅमेरा पुन्हा त्यांच्यावर धरला. "आता ते टेंपल कुठे आहे? अँड हाऊ डज इट लुक?"

"रुचा, बंद कर तो कॅमेरा." शंतनू कोटांसकट उठून आला होता. "आजोबा दमलेत. बाकीचं घरी करू."

"पण बाबा, लास्टच आहे!"

"बंद कर म्हटलं ना."

शशिकांतनी मुलाकडे पाहिलं. शंतनू त्यांच्याकडे बघत नव्हता.

"चालू राहू दे," शशिकांत म्हणाले. "रुचा, ते देऊळ पाण्यात आहे. मी ते हलवलं नाही. नंबर घातले आणि ठेवून दिलं. आत देवसुद्धा तसाच राहिला."

रुचाचा कॅमेरा थोडा खाली आला. "बट... आजी ऑल्वेज सेड..."

"आजीला मी खोटं सांगितलं."

"व्हाय?"

"घाबरलो होतो. आधी साहेबाला घाबरलो, मग तिला." त्यांना रडू येईल असं वाटलं होतं, पण आली ती फक्त लाज. ती मात्र नातीसमोर उभं राहवणार नाही इतकी आली. ते हौदाच्या कठड्यावर बसले.

शंतनू काही वेळ कोट या हातावरून त्या हातावर घेत राहिला. मग त्यांच्या शेजारी बसला.

"मला माहीत होतं, बाबा."

"काय?"

"मागच्या वर्षी मेमध्ये आईचा बोललेला नारळ द्यायला गेलो होतो ना मी. आल्यावर तुम्ही विचारलंत, देऊळ बघितलंस का? मी म्हटलं, बघितलं, छान ठेवलंय."

शशिकांतांना ते चांगलं आठवत होतं. त्या दिवशी त्यांना हायसं वाटलं होतं आणि मनातून रागही आला होता. टेकडीवर देऊळच नाही, तर हा बघणार काय? गेलाच नसणार, आईचं एवढंसं काम केलं नाही आणि वर थाप मारतो, असं त्यांनी धरलं होतं. तो राग त्यांनी दीड वर्ष सांभाळून ठेवला होता.

"तू खरंच गेला होतास?"

"गेलो होतो. टेकडीवर विचारलं, तर लोकांनी खाली बोट दाखवलं. दुष्काळ होता, धरण पार आटलेलं. चिखल वाळून भेगा पडल्या होत्या, त्यावरून चालत गेलो. सगळं उभं आहे, बाबा. शेवाळ हाताने पुसलं तर नंबरसुद्धा वाचता येतात."

शशिकांतनी मान हलवली. पुढचं विचारायला त्यांना धीर होईना. शंतनूनेच सांगितलं.

"आत एक म्हातारा गाळ उपसत होता. ऐंशीच्या पुढचा असेल. कोणाचा तू, म्हणून विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं."

"भिवा."

"हो. मला वाटलं, आता शिव्या देईल. तर म्हणाला, साहेब आलेत का? मी नाही म्हटलं. तर म्हणे, त्यास्नी सांगा, यंदा पाणी लई खाली गेलंय." शंतनू थांबला. "मी कसं सांगणार होतो तुम्हाला? आईला जाऊन वर्ष झालं होतं फक्त. तुम्ही धड जेवतही नव्हता."

"आणि नारळ? फोडलास?"

"त्याने फोडू दिला नाही. बाईंनी हा देऊळ हललं म्हणून बोललाय ना, मग हलल्यावर फोडायचा, म्हणाला. साहेब आले की फोडू. देवापुढे ठेवला नाही, बाहेर नेऊन घरात ठेवतो म्हणाला. पाणी चढेल म्हणून."

हौदातलं पाणी कुणीतरी नाणं टाकल्यामुळे हललं. शशिकांत पाण्याकडे बघत बसले. दीड वर्षात त्या नारळातलं पाणी आटून खोबरं सुटलं असेल, हातात घेतला तर वाजत असेल.

"इज ही स्टिल वेटिंग?" रुचाने विचारलं. तीही कठड्यावर बसली होती आणि कॅमेरा तिने केव्हाच मांडीवर ठेवला होता. त्याचा लाल दिवा अजून चालू होता.

"आय डोन्ट नो, बेटा," शंतनू म्हणाला.

"मंगळवारी मी काय सांगू?"

"मी येतो ना मंगळवारी," शशिकांत म्हणाले. "जे आहे ते सांगतो." मग त्यांनी शंतनूला विचारलं, "पाणी एप्रिलपासून उतरायला लागतं. तिकिटं आत्तापासून बघावी लागतील का रे?"

शंतनूने कोट बाजूला ठेवले. "एका माणसाचं?"

"तुला रजा मिळाली तर दोघांचं."

त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर नीट बसवला आणि रुचाच्या हातातली वही मागून घेतली. कोरं पान उघडलं. मग वही तिच्यापुढे धरली.

"तूच लिही. मी सांगतो. कुठला दगड कुठे बसतो, सगळं आठवतंय मला."

रुचाने पेन्सिल काढली आणि समासात '१' लिहिलं.

"नाही, खोड ते," शशिकांत म्हणाले. "चारशे बारा लिही. तो आधी निघतो."