कोरडा फ्रॉक

डॉक्टरांनी आईला बजावलं होतं, दुपारी दोन तास आडवं व्हायचं, नाहीतर हृदय साथ देणार नाही. आई 'हो हो' म्हणाली आणि घरी आल्या आल्या दारापाशी खुर्ची टाकून ताठ बसली. मी ओरडले, हातापाया पडले, चहा बंद करायची धमकी दिली. बाई ढिम्म हलली नाही. वय ऐंशीच्या घरात, पाय सुजून भोपळे झालेले, पण बसणार खुर्चीतच!

कारण मला माहीत होतं. बेचाळीस वर्षांपूर्वी एका दुपारी तिचा डोळा लागला आणि तेवढ्यात माझी धाकटी बहीण बुडाली. तेव्हापासून आई दुपारची झोपलेली नाही. "मी मेली झोपले नसते तर..." हे मी इतक्यांदा ऐकलंय की तिनं तोंड उघडायच्या आधीच मी उठून आत जाते. चूक तिची नव्हतीच. माझी होती, आणि ते फक्त मला ठाऊक होतं.

आमचं इस्त्रीचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे एक खोली. दुपारी बाबा कपडे पोचवायला जायचे, पहाटेपासून राबलेली आई मागे जरा पडायची, आणि आम्ही दोघी गल्लीमागच्या दगडाच्या जुन्या खाणीवर धूम ठोकायचो. खाणीत बारा महिने पाणी. मी दहा वर्षांची, ती सहाची. तिला सगळे भिंगरी म्हणायचे, एका जागी म्हणून ठरायची नाही.

पहिल्यांदा मीच शेवाळावरून घसरले. नाकातोंडात पाणी गेलं, कशीबशी कपारीला धरून वर आले. दुसऱ्यांदा भिंगरी गेली. वेणी हाताला लागली म्हणून ओढता आली. तिसऱ्यांदा पायातली चप्पल पाण्यात पडली, ती धरायला वाकली आणि दिसेनाशीच झाली. मी पाण्यात हात घालून चाचपडत होते, शेवटी फ्रॉकचं टोक सापडलं. वर काढली तेव्हा ओठ निळे पडले होते. माझी पाचावर धारण बसली.

आणि भीती कशाची, तर आईच्या माराची! दुसऱ्या घरातली पोरं ओल्या कपड्यांनी सापडली असती, चार धपाटे खाल्ले असते, विषय संपला असता. आमच्याकडे इस्त्री होती ना! फ्रॉक पिळायचा, टेबलावर पसरायचा, वरून जड इस्त्री. चर्र व्हायचं, वाफ निघायची. शिवणी लवकर वाळत नसत, तिथं दोनदा फिरवायची. खाणीचा वास येऊ नये म्हणून थोडी खळ शिंपडायची. दहा मिनिटांत फ्रॉक कडक. आई उठून म्हणायची, "बघा, कशा शहाण्यासारख्या बसल्यात माझ्या पोरी!" आम्ही सावधपणा शिकलो तो एवढाच, आईला कळू न देण्याचा.

तिसऱ्या वेळी घाईत फ्रॉकला इस्त्रीचा डाग पडला. थोडक्यात निभावलं. मी भिंगरीवर भडकले. "अक्कल नाही का गं तुला? यापुढे पाण्याजवळ गेलीस तर फ्रॉक आधी काढून ठेवायचा. आणि आईला सांगायचं नाही, माझी शपथ आहे तुला!"

पण चप्पल गेली ती गेलीच. ती कुठंय म्हणून आई हात धुऊन मागे लागली. शाळेत राहिली असेल, अशी थाप मी मारली. तिसऱ्या दिवशी मला गणिताच्या बाईंनी शाळेत थांबवून घेतलं, आणि भिंगरी एकटीच चप्पल आणायला गेली. काठावर तिचा फ्रॉक सापडला. कोरडा, आमच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या कपड्यांची घालतात तशी चौकोनी घडी, वर दगड. जमलेल्या बायका हळहळल्या, एवढीशी पोर, पण किती नेटकी. मी गप्प राहिले. एरवी भल्याभल्यांना तोंड देणारी मी, बेचाळीस वर्षं गप्प राहिले.

परवा खुर्चीत बसल्या बसल्या आईला धाप लागली आणि माझा धीर सुटला. "तू झोपलीस म्हणून नाही गेली ती, आई!" म्हणत मी सगळं ओकून टाकलं. इस्त्री, खळ, तिन्ही वेळा, शपथ, ती घडी. वाटलं, शिव्या देईल, तोंड बघणार नाही. चाललं असतं मला. तिच्या मनावरचा दगड तरी उतरला असता.

तिनं हळूच विचारलं, "ओठ निळे पडले होते म्हणालीस. रडली का गं?"

"खूप. माझ्या गळ्यात पडून."

"आणि त्या रात्री माझ्या कुशीत झोपली होती ती." आई स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. "चकार शब्द बोलली नाही मला."

"मी शपथ घातली होती, आई. तिचा काय दोष?"

"दोष नाही गं. मला आपलं वाटायचं, बाकी काही असो, माझ्या भिंगरीनं माझ्यापासून कधी काही लपवलं नाही. तेवढंच एक होतं माझ्याजवळ."

आई भिंतीला धरून उठली, आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून पलंगावर आडवी झाली. दोन वाजले होते. मी दारात उभी राहिले. पाच वाजेपर्यंत ती तशीच पडून होती, आणि झोपलेली नव्हती.