कॉमेंटेटरची मुलगी फुटबॉल खेळते

माझ्या नवऱ्याला देवाने आवाज देताना माप हातातून सांडलं असावं, असं मी लग्न झाल्यापासून म्हणत आले आहे. मिथुन धरमतरच्या जेट्टीवर कंपनीत कामाला आहे, पण पेण तालुक्यात त्याला ओळखतात ते कॉमेंटेटर म्हणून. भाताची कापणी झाली की आमच्याकडे गावोगावच्या शेतांत टेनिस बॉलच्या क्रिकेटचे सामने सुरू होतात. सामना कुणाचाही असो, माईक मिथुनच्या हातात. बॉल बॅटला लागायच्या आधीच तो षटकार जाहीर करून मोकळा होतो. लोकांना आवडतं. मलाही आवडतं, खोटं कशाला बोलू? फक्त तोच आवाज घरात भाजीला मीठ कमी पडलं तरी लागतो.

आमची मनस्वी सहा वर्षांची. या हिवाळ्यात रामवाडीजवळच्या एका कापलेल्या शेतात लहान मुलांसाठी दर रविवारी सकाळी फुटबॉल सुरू झाला, म्हणून मी तिला घेऊन गेले. शिकवणारी मृणाली रोह्याची, अंगाने काडी, पण बोलणं एक घाव दोन तुकडे. तिने पहिल्याच दिवशी बजावलं, "मुलांना सोडून निघून जायचं नाही. आईवडिलांनी पण खेळायचं."

आम्ही बायका तोंडाला पदर, ओढण्या लावून हसलो. पण तिथे शिकवणं असं काही नव्हतंच, नुसते खेळ होते. प्रत्येक पोराला एकेक बॉल. मृणाली "भरती!" म्हणाली की बॉल पायाने ढकलत बांधाकडे पळायचं, "ओहोटी!" म्हणाली की हळूहळू मागे यायचं. आम्ही मोठ्यांनी हात धरून जाळं करायचं आणि पोरांनी मासे होऊन बॉलसकट त्यातून निसटायचं. खाडीकाठच्या पोरांना हे वेगळं समजावून सांगावं लागतं का? मी ओढणी कमरेला बांधून इतकी पळाले, की दुसऱ्या दिवशी मी कामाला जाते त्या पोह्याच्या गिरणीत मला खाली बसता येईना. मनस्वी तर घरी येऊन बॉल उशाशी घेऊन झोपली.

मग शिफ्ट बदलून मिथुन यायला लागला आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

"मनस्वी, डावीकडं! अगो मागं बघ! अडव! मार, मार, मार!" एका दमात चार हुकूम. त्याला साथ मनस्वीबरोबर खेळणाऱ्या साहिलच्या बापाची, कमळाकरची. दोघांचा जन्म क्रिकेटात गेलेला. एकदा कमळाकर भान विसरून "उचल आनि टाक!" असं ओरडला, तर साहिलने खरोखरच बॉल हाताने उचलला आणि खुणेसाठी ठेवलेल्या बाटलीवर फेकला. बाटली आडवी झाली. दोघे बाप "आउट!" म्हणून नाचले आणि मृणालीने कपाळावर हात मारला.

सगळे हसले. मनस्वी हसली नाही. तिचं खेळणंच थांबलं होतं. पाय बॉलवर आणि मान बापाकडे. प्रत्येक वेळी आधी त्याच्याकडे बघायची, तोवर बॉल दुसरंच कुणी घेऊन जायचं, की याचा ओरडा आणखी वाढायचा. त्या दिवशी परत येताना स्कूटरवर पुढे उभ्या उभ्या ती म्हणाली, "पप्पा येनार असल तर मी नाय येनार."

मिथुनने गाडी कडेला घेतली. "काय बोलली गो ही?"

"तुम्ही आयकलंत तेच," मी म्हणाले.

घरी येईपर्यंत त्याने हॉर्नसुद्धा वाजवला नाही. जेवायला बसला आणि तसाच उठला. "तिच्यासाठी शिफ्ट बदलून घेतली मी," तो म्हणाला. माझा राग डोक्यात होताच. मी सुनावलं, "शिफ्ट बदललीत, तोंड कुठं बदललंत?" मग त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि माझाच जीव गलबलला. स्वतःच्या पोरीला आपण नको आहोत, हे ऐकण्यापेक्षा बापाला मोठी शिक्षा कोणती?

मी मृणालीला सगळं सांगितलं. पुढच्या रविवारी ती लिमलेटच्या गोळ्यांची पिशवी घेऊन आली. "प्रत्येक पालकाने एक गोळी तोंडात धरायची. चावायची नाही. गोळी तोंडात आहे तोवर अवाक्षर नाही. संपली की दुसरी मिळेल." मनस्वीला मी आधीच वचन दिलं होतं, पप्पा एक शब्द बोलले तर आपण तडक घरी. तेवढ्यावर ती कशीबशी तयार झाली होती.

कमळाकरने पहिली गोळी कडाकडा चावून टाकली आणि सगळ्या पोरांनी मिळून त्याला बांधाबाहेर काढला. मिथुन मात्र मूग गिळून उभा. मानेच्या शिरा फुगलेल्या, चेहरा लालबुंद. तोंड बंद झालं तर हात बोलायला लागले, म्हणून मृणालीने हातही पाठीमागे बांधायला लावले. मनस्वीने सवयीने त्याच्याकडे बघितलं. काही ऐकू आलं नाही. तिने पुन्हा बघितलं. मग खांदे उडवले आणि स्वतःच्या मनाने बॉल मारला. तो भलतीकडेच गेला, पण ती त्याच्या मागे पळाली.

तिचं खेळणं मोकळं झालं ते तिथून. बापाशी अबोला मात्र सुटेना. जाळं केलं की ती माझ्याच बाजूने निसटायची. खेळाबद्दल काय ते मला सांगायची, तो खोलीत आला की गप्प. मिथुन बिचारा दर रविवारी शिफ्ट बदलून येत होता आणि गोळ्या चघळत उभा राहत होता. मला आता त्याची दया येत होती, आणि पोरीचा थोडा रागही.

फेब्रुवारीत मृणालीने आम्हाला रोह्याला नेलं, तिथल्या मुलांबरोबर खेळायला. टेम्पोत पोरांनी एवढा गोंगाट केला, की वाटेत खांब गावात चहाला थांबलो तेव्हा ड्रायव्हरने कानांवर हात ठेवले. दिवसभर हेच सगळे खेळ झाले. शेवटचा खेळ जोडीचा होता. प्रत्येक मुलाने आई किंवा बाप, एकालाच निवडायचं. मोठ्यांच्या तोंडात गोळी, बोलायचं फक्त मुलांनी आणि ऐकायचं मोठ्यांनी.

मी ओढणी कमरेला बांधलीसुद्धा. दुसरं कोण असणार? मनस्वीने माझ्याकडे बघितलं, बापाकडे बघितलं आणि जाऊन मिथुनचा शर्ट ओढला. "चल. पन मी सांगीन तसाच खेळायचा."

खरं सांगते, माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आणि त्याच वेळी डोळेही भरून आले.

"पप्पा, थांब!" तो थांबला. "आता पळ! त्या काकांच्या मागून! नाय नाय, मारू नको!" उभ्या तालुक्याला ऐकवणारा माणूस एवढ्याशा पोरीच्या हुकमावर मैदानभर नाचत होता. बॉल त्याच्या पायात आला. समोर गोल मोकळा होता. त्याचा पाय उचललेला मी स्वतः बघितला.

"मना दे!" मनस्वी ओरडली.

त्याने पाय आवरला आणि बॉल हलकेच तिच्याकडे सरकवला. रोह्याचा एक दांडगा मुलगा आणि त्याची तशीच दांडगी आई दोघं तिच्यावर धावून आली. तिने कुणाकडेही बघितलं नाही. तळपायाने बॉल मागे ओढला, ती दोघं वेगाच्या भरात पुढे निघून गेली, आणि हिने पायाच्या बोटांनी टोचून बॉल दोन चपलांच्या मधून पार केला.

आमची पेणची माणसं उड्या मारायला लागली. मिथुन जागचा हलला नाही. ओठ घट्ट मिटलेले, हात पाठीमागे, आणि गालांवरून पाणी. मनस्वी धावत त्याच्यापाशी गेली आणि त्याचे हात सोडवायला लागली.

"पप्पा, गोल झाला! आता ओरड ना!"

त्याने तोंड उघडलं. गोळी मातीत पडली, पण आवाज काही फुटला नाही. तो गुडघ्यांवर बसला, तिच्याकडे बघत राहिला आणि नुसते ओठ हलवत राहिला.

"ओरड ना रे," ती म्हणाली. "मीच सांगतंय तुला."

त्याला जमेना. मग मी माझी गोळी थुंकली आणि त्या दोघांसाठी अशी ओरडले, की माझा घसा दोन दिवस बसला.